ट्यूबलेस सायकल टायर कंप्रेसरनेही बसत नसेल तर: हवा कुठून निसटते ते आधी शोधा

टाकी भरलेली आहे, नळीतून हवा सुसाट येते आहे आणि टायर मात्र रिमवर लुळा पडून आहे. माझ्या आणि मित्रांच्या सायकलींवर हा दोष मी इतक्यांदा काढला आहे की आता नुसत्या आवाजावरून बरेचसे कळते. फसफस कुठल्या बाजूने येते, सलग येते की थांबून थांबून, यातच अर्धे उत्तर असते. म्हणून आधी लक्षणे देतो. तुमचे चाक त्यातल्या कुठल्या ओळीत बसते ते बघा आणि मग पुढे वाचा.

लक्षणे

– हवा चहूकडून फसफसत निघून जाते, टायर जागचा हलतही नाही.
– टायर बराचसा उचलला जातो, पण व्हॉल्व्हपाशी किंवा जमिनीला टेकलेल्या जागी खाली बसलेला राहतो आणि सगळी हवा तिथूनच जाते.
– एक बाजू बसते, दुसरी बसत नाही.
– ठक-ठक आवाज येऊन दोन्ही बाजू बसल्यासारख्या वाटतात, पण चाक फिरवले की टायर एका जागी लचकतो.
– कंप्रेसर जोडलेला असेपर्यंत टायर उभा राहतो, नळी काढली की सुटतो.
– हवा टायरमध्ये पोचतच नाही, नळीच्या तोंडाशीच फुसफुसते.
– टायर नीट बसतो, पण सकाळपर्यंत रिकामा होतो.

पहिली सहा लक्षणे टायर न बसण्याची आहेत. शेवटचे गळतीचे आहे. त्याचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा, म्हणून त्याकडे नंतर येतो.

टायर चढवणे आणि टायर बसणे

या दोन गोष्टींची गल्लत होते. टायर चढवणे म्हणजे त्याच्या दोन्ही कडा हाताने रिमच्या आत घेणे. या कडांना बीड म्हणतात. टायर बसणे म्हणजे हवेच्या दाबाने त्या बीड मधल्या खोबणीतून वर सरकून रिमच्या भिंतीलगतच्या बैठकीवर घट्ट रुतणे. रिमच्या मध्यावरची खोल खोबण टायर चढवताना आपल्याला ढिलाई मिळावी म्हणून असते. तीच खोबण बसवताना आडवी येते, कारण बीड तिच्यात सैल पडून राहते आणि दोन्ही अंगांनी फट उरते. बऱ्याच रिममध्ये खोबण आणि बैठक यांच्यामध्ये एक बारीक उंचवटाही असतो. बीड त्याच्यावरून उडी मारते तेव्हा तो ठक आवाज येतो. एकदा पलीकडे गेली की हवा काढली तरी ती सहसा परत खाली येत नाही.

ट्यूबमध्ये हवा अडकलेली असते, तिला निसटायला जागा नसते. ट्यूबलेसमध्ये टायर बसल्याशिवाय हवा अडकत नाही आणि हवा अडकल्याशिवाय टायर बसत नाही. हा पेच सोडवण्यापुरताच कंप्रेसर लागतो.

आता एक हिशोब. बीड आणि रिम यांच्यात फक्त १० सेंटिमीटर लांबीची, १ मिलिमीटर रुंदीची फट आहे असे समजा. तिचे क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटर झाले. व्हॉल्व्हच्या आतले भोक ४ मिलिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ जेमतेम साडेबारा चौरस मिलिमीटर. हवा आत येण्याच्या दारापेक्षा बाहेर जाण्याचे दार आठपट मोठे. अशा चाकावर दाब वाढवून फारसे काही होत नाही. आत येणारा ओघ वाढवायचा आणि बाहेर जाणारी फट कमी करायची. खालची प्रत्येक तपासणी या दोनपैकी एक काम करते.

साध्या उभ्या पंपाने हे का जमत नाही तेही यातून कळेल. ३२ मिलिमीटर व्यासाचा आणि ५० सेंटिमीटर चालीचा पंप एका दट्ट्यात सुमारे ४०० मिलिलिटर हवा देतो. ५७ मिलिमीटर रुंद, ६२२ मापाच्या टायरच्या पोटात पाच लिटरहून जास्त हवा मावते. तुम्ही दांडा वर ओढेपर्यंत आधीची हवा निघून गेलेली असते.

कंप्रेसर सुरू करण्याआधी

हा भाग कृपया ओलांडून जाऊ नका. २४ लिटरच्या टाकीत ८ बार दाबाने (१ बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय) हवा भरली तर तिच्यात वातावरणाच्या दाबाने मोजलेली १९० लिटरच्या आसपास वापरण्याजोगी हवा असते. २८ मिलिमीटरच्या रोड टायरचे पोट सव्वा लिटरचे, आणि तो ५ बारपर्यंत भरायला लागणारी हवा सहा-सव्वासहा लिटर. टाकीत त्याच्या तीसपट साठा आहे. टायर बसल्यावर बोट दोन क्षण जास्त दाबलेले राहिले तरी तो मर्यादेच्या बाहेर जाऊ शकतो.

रेग्युलेटर, म्हणजे टाकीतून नळीत किती दाबाने हवा जाईल ते ठरवणारी कंप्रेसरची चावी, टायर आणि रिम या दोहोंवर लिहिलेल्या कमाल दाबांपैकी जो कमी असेल त्यावर लावा, त्याच्या वर नाही. मग बोट अडकून राहिले तरी टायरमध्ये त्यापेक्षा जास्त दाब जाणार नाही. याची किंमत मला माहीत आहे. ३ बारऐवजी ८ बारवरून हवा सोडली तर ओघ सव्वादोन पटींच्या आसपास वाढतो आणि काही हट्टी टायर त्यामुळे बसतातही. तरी मी ते करत नाही. तेवढाच फायदा फट कमी करून मिळतो आणि त्यात धोका नसतो.

रिमची भिंत आत वळलेली नसेल, म्हणजे रिम हुकलेस असेल, तर ५ बार म्हणजे ७२.५ पीएसआय ही मानकांनी ठरवलेली कमाल मर्यादा आहे. रुंद टायरसाठी उत्पादकाने दिलेला आकडा याहून बराच खाली असतो. कारण टायरच्या कापडावर येणारा ताण दाब आणि रुंदी या दोहोंवर ठरतो. ५७ मिलिमीटरचा टायर २ बारला जेवढा ताणला जातो, तेवढाच साडेअठ्ठावीस मिलिमीटरचा टायर ४ बारला. रोडच्या सायकलीची सवय असलेला माणूस डोंगरी सायकलीच्या टायरमध्ये ४ बार भरायला जातो तेव्हा चूक इथेच होते.

डोळ्यांवर चष्मा, कानांत बोळे. बोटे आऱ्यांमध्ये नकोत आणि चेहरा टायरच्या बाजूला नको. एकदा लचकणारा टायर सरळ करायच्या नादात मी दाब मर्यादेच्या वर नेला होता. बीड बाहेर उडाली आणि त्यानंतर दोन दिवस एका कानात शिट्टी वाजत होती. चेहरा तेव्हा दुसऱ्या बाजूला होता एवढेच नशीब.

पहिली तपासणी: टायर आणि रिमवरचे आकडे

याला काही खर्च नाही, फक्त चांगला उजेड लागतो. टायरच्या बाजूवर ५७-६२२ किंवा २८-६२२ असे कोरलेले असते. पहिला आकडा रुंदी आणि दुसरा बीड जिथे बसते त्या जागेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७०० सी आणि २९ इंच यांचा व्यास ६२२, साडेसत्तावीस इंचाचा ५८४ आणि डोंगरी सायकलींच्या २६ इंचाचा ५५९. इंचाच्या आकड्यांवर विसंबू नका. एकाच इंचाच्या नावाखाली वेगवेगळे व्यास येतात. दुसरा आकडा रिमच्या आकड्याशी जुळायलाच हवा.

त्यानंतर टायर आणि रिम दोन्हींवर ट्यूबलेस किंवा ट्यूबलेस-रेडी असे लिहिले आहे का ते बघा. साध्या घडीच्या टायरची बीड ट्यूबलेसच्या ताणासाठी घडवलेली नसते. ती ताणून सैल होऊ शकते आणि मग चालू सायकलवरही टायर रिम सोडून जाऊ शकतो. दोहोंपैकी एक जरी ट्यूबलेसचा नसेल तर बाकीच्या तपासण्या करू नका. ट्यूब घाला आणि चालवा.

या साऱ्याची सुरुवात १९९९ मध्ये माविकने मिशलाँ आणि हचिन्सन यांच्या साथीने आणलेल्या यूएसटी पद्धतीने झाली. तिच्यात रिमला आऱ्यांची भोके आतून नसायची आणि बीड रिमवर नेमकी बसेल अशी घडवलेली असायची. त्यामुळे भोके झाकायला रिमवर आतून टेप लागत नसे आणि सीलंटवाचूनही, म्हणजे बारीक गळती बुजवणाऱ्या द्रवावाचूनही, हवा टिकत असे. पुढे आलेले ट्यूबलेस-रेडी टायर हलके आहेत, पण टेप आणि सीलंटवर अवलंबून आहेत. एका कंपनीचा टायर दुसऱ्या कंपनीच्या रिमवर कधी घट्ट तर कधी सैल बसतो तो यामुळे. तुमचा हात चुकतोय असे दर वेळी समजायचे कारण नाही.

दुसरी तपासणी: व्हॉल्व्हचा कोअर काढला का?

मला एकच तपासणी सांगायची असती तर ही सांगितली असती. प्रेस्टा या बारीक, लांब व्हॉल्व्हच्या आत जो कोअर, म्हणजे सुटी काढता येणारी छोटी झडप, असतो तो हवेची वाट कमालीची अरुंद करतो. छोट्या पान्याने तो उलटा फिरवून काढून ठेवा. वाट कित्येक पटींनी मोकळी होते. टायर हलतच नाही असे ज्यांनी मला सांगितले त्यांतल्या बहुतेकांचा कोअर आतच होता.

कोअर काढल्यावर पंपाचे नेहमीचे तोंड नीट पकडत नाही. मी हवा मारायच्या पिस्तुलाला रबरी निमुळते टोक लावून ते व्हॉल्व्हवर सरळ दाबून धरतो. तिरके धरले तर अर्धी हवा तिथूनच जाते. नळीच्या तोंडाशीच फुसफुस हे लक्षण असेल तर दोष नव्वद टक्के इथेच आहे.

जुना व्हॉल्व्ह असेल तर त्यातून पलीकडचा उजेड दिसतो का बघा. वाळलेल्या सीलंटचा गोळा नळीत अडकून बसतो. सरळ केलेल्या तारेने किंवा आऱ्याच्या तुकड्याने तो ढकलून काढा.

टायर बसला की नळी काढल्याबरोबर हवा झपकन निघून जाईल. घाबरू नका. बीड उंचवट्याच्या पलीकडे गेलेली असेल तर ती तिथेच राहते. त्याच उघड्या व्हॉल्व्हमधून सीलंट आत सोडायचे, कोअर लावायचा आणि नेहमीसारखी हवा भरायची. हवा जाताच बीड खाली पडत असेल तर तो टायर सैल आहे. त्याचा इलाज टेपच्या तपासणीत आहे. तोपर्यंत नळी काढताक्षणी व्हॉल्व्हवर अंगठा दाबायचा आणि अंगठा किंचित सरकवून कोअर आत फिरवायचा. दोन-तीनदा केले की हात बसतो.

तिसरी तपासणी: कंप्रेसर खरंच हवा देतोय का?

टाकी पूर्ण भरून मोटर आपोआप बंद होईपर्यंत थांबा. आपल्याला साठलेल्या हवेचा एक लोंढा हवा आहे. मोटर त्या क्षणी जेवढी हवा बनवते तेवढ्याने टायर बसत नाही. फसलेल्या प्रत्येक प्रयत्नानंतर टाकी पुन्हा भरू द्या. घाईत लागोपाठ चार वेळा प्रयत्न केले तर चौथ्याला पहिल्याच्या निम्माही जोर नसतो, आणि आपल्याला वाटते टायरच बिघडला.

हवा वाहत असताना काटा नळीतला दाब दाखवतो, टायरमधला दाखवत नाही. टायरचा दाब कोअर लावल्यावर, हवा थांबवून, वेगळ्या मापकाने मोजायचा.

टाकीखालची चावी उघडून साठलेले पाणी काढून टाका. टायर बसण्याशी त्याचा थेट संबंध नाही, पण टाकी आतून गंजते ती याच पाण्याने.

चौथी तपासणी: व्हॉल्व्हच्या पायाशी

व्हॉल्व्हच्या बुडाला जो रबरी पाय असतो तो खोबणीत बसतो. टायर चढवताना एखादी बीड या पायाच्या खाली किंवा त्याच्यावर चढून बसते आणि तिथे फट राहते. व्हॉल्व्हपाशी टायर खालीच राहतो, या लक्षणाचे मूळ बहुतेकदा हेच असते.

व्हॉल्व्हची चकती दोन-तीन आटे सैल करा. व्हॉल्व्ह बाहेरून आत ढकला. दोन्ही बीड पायाच्या दोन बाजूंना सरकवा आणि व्हॉल्व्ह परत खाली ओढून चकती आवळा. आता हवा दोन्ही बीडच्या मधोमध सुटेल आणि त्यांना बाहेर ढकलेल. अर्ध्या मिनिटाचे काम आहे, पण ते न केल्याने मी पूर्वी तास घालवले आहेत.

टायर चढवतानाच काळजी घेतली तर पुढचा त्रास टळतो. सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करा आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. समोरची बीड खोबणीत खोल उतरू शकते, त्यामुळे शेवटच्या घट्ट भागाला लागणारी ढिलाई तिकडून मिळते.

पाचवी तपासणी: साबणाचे पाणी, आणि चाक टांगणे

भांडी धुण्याचा साबण पाण्यात कालवून दोन्ही बीडवर आणि रिमच्या आतल्या भिंतींवर कापडाने किंवा ब्रशने लावा. यातून दोन कामे होतात. ओल्या साबणाचा थर बारीक फटी क्षणभर बुजवतो, आणि बीड घसरत बैठकीवर चढते. कोरडे रबर रिमला चिकटून मध्येच अडकते. लचकणाऱ्या टायरच्या मागे बऱ्याचदा एवढेच कारण असते. तेल, ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावू नका. ती रबर खराब करतात आणि वाळत नसल्यामुळे टायर रिमवर घसरता राहतो. साबणाचे पाणी वाळून जाते.

चाक जमिनीवर उभे धरून हवा भरू नका. त्याच्या वजनाने आणि आपल्या हाताच्या दाबाने टायर तळाशी आत दबतो आणि बीड नेमकी तिथेच बैठक सोडते. चाक हुकाला टांगा किंवा सायकलीतच राहू देऊन सायकल उलटी करा. टांगलेल्या चाकाभोवती हात फिरवून दोन्ही बीड बोटांनी बाहेर, भिंतीकडे ओढून घ्या. पूर्ण बसवायची गरज नाही, फट अरुंद झाली की पुरे.

लचकणाऱ्या टायरसाठी एवढे करून बघा. बहुतेक टायरच्या बाजूवर, रिमच्या लगत, एक बारीक कोरलेली रेघ असते. ती चाकाच्या पूर्ण वर्तुळात, दोन्ही बाजूंना, रिमपासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. जिथे ती रिमखाली लपते तिथे बीड खाली आहे. कोअर लावून हवा अर्ध्या बारपर्यंत उतरवा. त्या जागी पुन्हा साबण लावा, टायर दोन्ही हातांनी आडवा रेटून मळा आणि दाब हळूहळू मर्यादेपर्यंत न्या. त्या जागेची रेघ वर आली नाही तर दाब आणखी वाढवू नका. हवा सोडा आणि पुन्हा साबणापासून सुरू करा. असे तीनदा करावे लागले तरी करा.

सहावी तपासणी: घडी पडलेला टायर आणि ट्यूबचा वापर

नवा घडीचा टायर खोक्यातून निघतो तेव्हा त्याच्या दोन्ही बीड एकमेकींना चिकटलेल्या असतात. थंड हवेत रबर आणखी ताठ होते. टायर उलगडून तासभर उन्हात ठेवला तरी फरक पडतो. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे साधी ट्यूब घालून टायर नेहमीसारखा चढवायचा, हवा भरून दोन्ही बीड बसवायच्या आणि रात्रभर तसाच ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी हवा काढून फक्त एका बाजूची बीड सोडवा. दुसरीला हात लावू नका. ट्यूब काढा, ट्यूबलेस व्हॉल्व्ह लावा आणि सोडवलेली बीड परत चढवा. आता एक बाजू आधीच बसलेली आहे, म्हणजे गळतीचे निम्मे दार बंद झाले. उरलेली बाजू कंप्रेसरच्या एका झोतात बसते. माझ्या हातून सुटलेल्या सर्वांत हट्टी टायरांपैकी बहुतेक या मार्गाने सुटले आहेत. त्यामुळे घरात एक जुनी ट्यूब मी कायम ठेवतो.

रुंद आणि मऊ टायर असेल तर आणखी एक युक्ती आहे. टायरच्या बाहेरच्या वर्तुळाभोवती, मधोमध, सामान बांधायचा पट्टा गुंडाळून आवळा. मधला भाग आत दबला की दोन्ही बीड बाहेरच्या बाजूंना पसरतात. टायर फुगू लागताच पट्टा सैल करा. रोडच्या अरुंद टायरवर मला याचा कधी उपयोग झालेला नाही.

सातवी तपासणी: टेप

इथून पुढे टायर पूर्ण उतरवावा लागतो. टेपला दोन कामे असतात. आऱ्यांची भोके हवाबंद ठेवायची आणि बीडच्या बैठकीला थोडी उंची द्यायची. दुसरे काम बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

हवा आऱ्यांच्या निपलमधून (आरा रिमला धरून ठेवणारा छोटा नट) किंवा रिमच्या जोडाजवळून फुसफुसत असेल तर टेप फाटली आहे, सुरकुतली आहे किंवा अरुंद आहे. ती खोबणीत उतरून दोन्ही भिंतींपर्यंत पोचली पाहिजे. भोकांपुरती झाकणारी टेप दाब आला की सरकते आणि भोक उघडे पडते.

जुनी टेप काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. टेप खेचून ताण देत लावा, म्हणजे ती खोबणीच्या तळाला टेकेल. व्हॉल्व्हच्या भोकाआधी दहा सेंटिमीटरवर सुरुवात करा आणि पूर्ण फेरा मारून भोकाच्या पुढे दहा सेंटिमीटरवर संपवा. भोकावर दोन थर येतात ते हवेच असतात. त्यावरून अंगठा किंवा कापडाचा बोळा रेटत हवेचे फुगे काढा. व्हॉल्व्हसाठी भोक ब्लेडने फुलीसारखे कापू नका. कापाच्या टोकांतून टेप चिरत जाते. तापवलेल्या खिळ्याने गोल भोक पाडले तर त्याची कड वितळून घट्ट होते. शेवटी एक रात्र ट्यूब घालून हवेच्या दाबाखाली ठेवले की टेप पक्की बसते.

टायर सैल असेल, म्हणजे दोन्ही बीड हाताने अगदी सहज चढत-उतरत असतील, तर टेपचा एक जादा फेरा मारा. बैठकीचा व्यास तेवढाच वाढतो, बीड घट्ट बसते आणि फट कमी होते. एक, फार तर दोन फेरे. त्यानेही सैल राहिला तर तो टायर त्या रिमसाठी नाही असे समजा.

आठवी तपासणी: व्हॉल्व्ह आणि रिमचे नाते

व्हॉल्व्हचा रबरी पाय गोल असतो किंवा लांबट. खोबण अरुंद आणि खोल असेल तर लांबट पाय तिच्यात बसतो, गोल पाय अधांतरी राहतो. पायाचा आकार खोबणीला जुळत नसेल तर चकती कितीही आवळा, गळती थांबणार नाही. चकती हातानेच आवळा. पक्कड लावली तर रबर भोकातून खाली ओढले जाऊन टेप फाटते, आणि वाटेत पंक्चर झाले तर चकती हाताने सुटतही नाही.

टायर बसला, पण सकाळपर्यंत रिकामा

साबणाचे पाणी पूर्ण चाकावर शिंपडा आणि बुडबुडे शोधा. निपलमधून बुडबुडे आले तर टेप. व्हॉल्व्हच्या मुळाशी आले तर व्हॉल्व्हचा पाय. रिम आणि टायरच्या सांध्यात आले तर बीडला चिकटलेले जुने सीलंट किंवा कचरा. टायरच्या बाजूवर बारीक बारीक ठिपक्यांसारखे आले तर काळजी नको. पातळ टायरमध्ये ते सीलंट बुजवते.

सीलंट रोडच्या टायरला ३० ते ४० मिलिलिटर आणि डोंगरी सायकलीच्या टायरला साधारण ६० पासून १०० मिलिलिटरपर्यंत लागते. घातल्यावर चाक आडवे धरून दोन्ही बाजूंनी हलवा, म्हणजे ते बीडपर्यंत पोचेल. हवा भरताना व्हॉल्व्ह तळाशी ठेवू नका. घड्याळात ४ किंवा ८ वाजल्याच्या जागी ठेवा, नाहीतर सीलंट व्हॉल्व्हमध्ये येऊन कोअर चोंदतो. दोन वेगळ्या कंपन्यांची सीलंट एकत्र करू नका. काही जोड्यांचा आत गोळा होतो. नैसर्गिक लॅटेक्सचे सीलंट उष्ण हवेत दोन-तीन महिन्यांतही वाळते, म्हणून अधूनमधून कोअर काढून आत काडी घालून बघा.

इथे थांबा

मर्यादेचा दाब गाठूनही बीड वर आलेली नाही. आणखी हवा हा उपाय नाही. हवा सोडा.

बीडमधले धागे बाहेर दिसताहेत, तिच्यावर चीर आहे किंवा एका जागी ती लांबलेली वाटते. टायर बदला.

रिमच्या भिंतीला खोक पडली आहे किंवा ती बाहेर वाकली आहे. अॅल्युमिनियमची रिम असली तरी पक्कडीने सरळ करू नका. वाकलेला धातू परत वाकवला की तिथेच चीर धरतो, आणि चीर पडलेली रिम दाबाखाली फुटते. कार्बनच्या रिमवर कुठेही चीर, पदर सुटल्याची खूण किंवा ठोकल्यावर इतर जागांपेक्षा बद्द आवाज असेल तर तिच्यात एकदाही हवा भरू नका. थेट चाके बांधणाऱ्या जाणकार मेकॅनिककडे न्या.

हुकलेस रिम आणि तुमचा टायर या जोडीला रिमच्या आणि टायरच्या दोन्ही उत्पादकांची मान्यता नाही. टायर बसला तरी ती जोडी रस्त्यावर नेऊ नका.

कंप्रेसरच्या टाकीवर गंज आहे, नळीला फुगा आला आहे किंवा सुरक्षा झडप सारखी गळते आहे. ती घरी दुरुस्त करू नका, आणि तोवर त्या कंप्रेसरने काही भरूही नका.

आणि ट्यूबची पद्धत, साबण आणि नवी टेप हे सगळे करूनही तिसऱ्यांदा फसले तर चाक मेकॅनिककडे न्या. त्याच्याकडे मोठी टाकी असते, आणि तुमच्या रिमवर वेगळा टायर लावून दोष टायरचा की रिमचा हे त्याला लगेच कळते. जाताना टायर उतरवू नका, जसा अडकला आहे तसाच न्या. कुठल्या बाजूची बीड वर येत नाही तिथे खडूने खूण करा. टेपचे किती फेरे मारले, किती दाबापर्यंत गेलात आणि कोणते सीलंट आत आहे ते त्याला सांगा.